इटलीला येताय तर आधी ‘वेंगा’ आणि ‘वादा’

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे सप्टेंबरात तोरिनोला (ट्युरिनला) येणार, सोबत आठ वर्षांची लेक. तर जाणे, येणे, निघणे, पोहोचणे एवढी इटालियन क्रियापदं पाठ केली तर सुरुवातीला भागेल का. व्हिसा, कोदिचे फिस्काले (करासाठीचा ओळख क्रमांक), आल्यावर कामाच्या आठ दिवसांत करायचा राहण्याच्या परवान्याचा अर्ज, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते मी उगाळत बसत नाही.

भागेल, पण यादी पाठ करून नाही. अंदारे म्हणजे जाणे, पण अंदारे असं कोण बोलतं? मी जाते हे ‘वादो’, तो जातो ‘वा’, आणि आम्ही जातो म्हणताना एकदम ‘अंदियामो’. वेनिरे म्हणजे येणे, त्याचं वेंगो, व्येनी, व्येने. बाहेर पडणे म्हणजे उशिरे (उशीर झाला की बाहेर पडायचं, मी असंच लक्षात ठेवलं), पण मी बाहेर पडते हे ‘एस्को’. तेव्हा रूपं तोंडात बसवा. शेंदेरे म्हणजे उतरणे, हे तर पहिल्याच दिवशी लागेल. भरलेल्या बसमध्ये दाराशी उभ्या असाल तर मागून आवाज येतो, ‘शेंदे?’ दादरच्या आधी विचारतात ना, ‘उतरणार का?’ तसंच. उतरायचं असेल तर ‘सी, शेंदो’, नसेल तर मुकाट्याने बाजूला व्हायचं.

गावाला जाताना ‘आ’, देशाला जाताना ‘इन’: वादो आ मिलानो, वादो इन इंदिया. माणसाकडे जाताना मात्र ‘दा’. डॉक्टरकडे जाते, वादो दाल मेदिको. आणि भारतातून आले आहे यालाही तोच दा, वेंगो दाल्लिंदिया. याच्यावर डोकं फोडू नका, वाक्यंच्या वाक्यं घोका.

भूतकाळाला मात्र घाबरू नका. बाईने म्हणायचं ‘सोनो अंदाता’, पुरुषाने ‘सोनो अंदातो’. मी गेले, मी गेलो. आमच्या वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या बायकांना हे महिनोन्महिने जमेना, मला कोणी शिकवावंही लागलं नाही. फक्त चालणे आणि प्रवास करणे, काम्मिनारे आणि व्याज्जारे, या दोघांचा थाट वेगळा. तिथे ‘ओ काम्मिनातो’, बाई असो की बुवा.

आता जे पुस्तकात नसतं ते. प्रवाशांच्या पुस्तकात ‘तू ये, तू जा’ असतं, पण सरकारी कचेरीतला खिडकीपलीकडचा माणूस तुम्हाला अहोजाहो करतो. तो ‘वेंगा’ म्हणाला की पुढे या, ‘वादा’ म्हणाला की दुसऱ्या खिडकीवर जा. ‘सी अक्कोमोदी’ म्हणजे आत या, बसा किंवा नुसतं थांबा, चेहरा बघून ठरवायचं. आणि ‘तोर्नी लुनेदी’, सोमवारी परत या. तोर्नारे हे क्रियापद मी पुस्तकातून नाही, रांगेत शिकले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही आपल्याकडेच नाही. बोटांचे ठसे दिल्यावर परवान्याचं कार्ड यायला इतका वेळ लागला की हातात पडलं तेव्हा त्याची मुदत संपत आली होती. पुन्हा तोच अर्ज, पुन्हा अर्जावर लावायचं सोळा युरोचं सरकारी तिकीट. रांगेत माझ्यापुढे गोठ्यावर काम करणारा एक पंजाबी होता, क्रेमोनाकडचा. शाळेत फारसा गेला नसावा, पण वेंगा, वादा, तोर्नी त्याच्या जिभेवर होतं. मी एम.ए., आणि त्याच्याकडून समजून घेत होते.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नियमाने मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. पण शिक्षकांना वाटलं तर ते एक वर्ग खाली बसवू शकतात, परदेशी लोकांसाठीच्या 1999 च्या नियमावलीत तशी सोय आहे. माझी मुलगी पुण्यात तिसरी करून आली होती. तिला पुन्हा तिसरीत बसवलं. बाई गोड बोलत होत्या, ‘तिच्याच भल्यासाठी’. मला भूतकाळ येत होता, पण गेले, आले, एवढाच. ‘तिचं हे सगळं शिकून झालंय, गणितात ती पुढे आहे’ हे म्हणायला जी वाक्यं लागतात ती नव्हती. नवरा कामावर. मी मान डोलावून सही केली. आता ती माझ्या चुका काढते आणि ते वर्ष तिच्या ध्यानीमनीही नाही. माझ्या आहे. तेव्हा तुम्ही ‘हा फात्तो’ (तिने केलंय), ‘हा स्तुदियातो’ (तिने अभ्यास केलाय) ही रूपं आधी शिका, मग बाकीची. मीटिंगला नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावा. आणि पुण्याच्या, नाशिकच्या, जिथलं असेल तिथल्या प्रगतिपुस्तकाचं भाषांतर बरोबर ठेवा, कोणी मागितलं नाही तरी टेबलावर ठेवा.

प्रौढांसाठी सरकारी वर्ग असतात, सीपीआयए, लोक ‘चिपीया’ म्हणतात. आल्या आल्या नाव घाला. पुढे कायमच्या परवान्याला इटालियन भाषेची ए-टू पातळी लागते आणि नागरिकत्वाला 2018 पासून त्याच्या वरची बी-वन, तेव्हा हे शिकणं कुठे वाया जात नाही.

एकटं वाटतं का? वाटतं. पुढे चला.

लेकीला क्रियापदांची यादी देऊ नका. विमानात बसायच्या आधी तिच्याकडून एकच वाक्य पक्कं करून घ्या: ‘पोस्सो अंदारे इन बान्यो?’ बाथरूमला जाऊ का? पहिल्या दिवशी वर्गात तिला दुसरं काही आलं नाही तरी चालेल.