फॉर्मवर सही चुकली म्हणून कार्डाचं कर्ज रद्द होतं का?

ताई नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यात धायरीत भाड्याने राहता, हातात पगार ५२,००० येतो, २०१९ ला मॉलमधल्या स्टॉलवर एका खाजगी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं, मिस्टरांच्या ऑपरेशनला आणि मुलाच्या फीला ते वापरलं आणि आता त्यावर २,८६,००० रुपये थकलेत. वर्षभर फक्त मिनिमम ड्यू (बिलावर दिलेली कमीत कमी रक्कम) भरताय. मध्यंतरी बँकेकडून अर्जाची कॉपी मागवली तर तिसऱ्या पानावर सहीची जागा कोरी, एका ठिकाणची सही तुमची वाटतच नाही, आणि सहीखालची तारीख कार्ड घरी आल्यानंतरची. आता एक कर्जमुक्ती करून देणारा माणूस भेटलाय, तो म्हणतो अ‍ॅग्रीमेंटच चुकीचं आहे, कर्ज रद्द करून देतो, मला ३५,००० द्या आणि आजपासून बँकेला एक रुपयाही भरू नका.

देऊ नका. आणि भरणं तर अजिबात थांबवू नका.

मेल वाचताना कळत होतं की तुम्ही खूप थकलाय, आणि अशा वेळी कोणी सुटकेचा रस्ता दाखवला की माणूस तिकडे वळतोच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण त्या माणसाने तुम्हाला जो कागद पाठवलाय ना, ज्यात 'कलम १२७' लिहिलंय, ते कलम आपल्याकडचं नाहीच. तो इंग्लंडचा १९७४ चा कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट आहे. तिथे खरंच असा नियम होता की कर्जाची रक्कम किंवा लिमिट, व्याजदर, परतफेड कशी करायची या ठरावीक गोष्टी ग्राहकाची सही असलेल्या कागदात नसतील तर कोर्ट तो करार अंमलात आणूच शकत नव्हतं. एका बाईंनी गाडी गहाण ठेवून ५,००० पौंड घेतले होते, कंपनीने २५० पौंड फी कर्जातच धरून ५,२५० लिहिले, आणि तेवढ्या एका आकड्यावरून कंपनी हरली, २००३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) तो नियम कायम ठेवला. त्यामुळे हा मुद्दा अगदीच हवेतला आहे असं नाही, तिथे तो चालला. पण ६ एप्रिल २००७ पासूनच्या नव्या करारांना ती कडक अट लागू नाही, आता तिथलं कोर्टसुद्धा आधी बघतं की चुकीमुळे ग्राहकाचं नुकसान किती झालं. आणि २००९ मध्ये तिथल्याच हायकोर्टाने सांगितलं की करार अंमलात आणता येत नसला तरी कर्ज पुसलं जात नाही, बँक क्रेडिट रेकॉर्डला थकबाकी कळवू शकते. हा शेवटचा भाग त्या कागदात नाहीये, बघा.

आता आपल्याकडे काय. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा चालतो आणि त्यात करार वागण्यातूनही होतो, म्हणजे समोरच्याने दिलेली गोष्ट तुम्ही स्वीकारली, वापरली, की ती संमती झाली (कलम ८ आणि ९ वाचा, छोटी आहेत). तुम्ही कार्ड अ‍ॅक्टिवेट केलं, हॉस्पिटलमध्ये स्वाइप केलं, ऑनलाइन फी भरताना ओटीपी टाकला, इतकी वर्षं बिलं भरली. बँक कोर्टात गेली तर ती स्टेटमेंट्स दाखवणार, ओटीपीचा रेकॉर्ड दाखवणार, तुमच्याच खात्यातून गेलेले पैसे दाखवणार, आणि मग तिसऱ्या पानावरची कोरी जागा कितीशी टिकेल? आणि समजा करार पूर्ण बाजूला पडला असं धरलं तरी त्याच कायद्याचं कलम ७० आहे, कोणी फुकट द्यायचा इरादा नसताना काही दिलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला तर त्याची भरपाई करावी लागते. ऑपरेशनचे पैसे त्या कार्डातून गेलेत हे तुम्ही स्वतः मान्य करताय.

हां, एक केस पूर्ण वेगळी असते. कार्ड तुम्ही मागितलंच नाही, कोणीतरी तुमच्या नावाने खोटी सही करून काढलं आणि खर्चही त्यानेच केला, तर ते कर्ज तुमचं नाहीच. तिथे लगेच बँकेला लेखी कळवायचं, पोलिसात तक्रार द्यायची, सिबिलवर (कोणाचं कर्ज किती, फेडलं कसं याचा रेकॉर्ड ठेवणारी कंपनी) ही नोंद चुकीची आहे असा डिस्प्युट टाकायचा. आणि बँकेने न मागता कार्ड पाठवून, तुमच्या संमतीशिवाय अ‍ॅक्टिवेट करून बिल लावलं असेल तर आरबीआयच्या नियमांप्रमाणे चार्जेस परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. तुमचं तसं नाहीये. तुम्ही मागितलं, तुम्हीच वापरलं.

मग त्या चुकांचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि माझ्या मते तुमच्या मेलमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलीये, की स्टेटमेंटवर गेली तीन वर्षं दरमहा ४९९ रुपये विम्याचे कापले जातात आणि तो विमा कधी घेतला ते आठवतच नाही. कॉपीत जी सही तुमची वाटत नाही ती नेमकी त्या विम्याच्या चौकटीखाली आहे! विम्यासाठी बँकेने तुमची स्पष्ट संमती लेखी किंवा डिजिटल घ्यायला हवी, नियमच आहे. ३६ महिन्यांचे ४९९ म्हणजे १७,९६४ रुपये, आणि त्यावर लागलेलं व्याज वेगळं. तसंच लिमिट ८०,००० वरून ३ लाख केलं तेव्हा विचारलं नाही म्हणताय, तेही चूकच आहे, फक्त वाढलेलं लिमिट नंतर वापरल्यामुळे त्यातून मुद्दल माफ होणार नाही. तक्रारीत लिहा जरूर. म्हणजे सहीचा मुद्दा पूर्ण २,८६,००० वर लावला तर हरणार, या अठराएक हजारावर आणि त्याच्या व्याजावर लावला तर बँकेला उत्तर देणं जड जाईल.

बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा, सहीची कॉपी जोडा, विमा कोणत्या संमतीवर लावला त्याचा पुरावा मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआय लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) सीएमएस पोर्टलवर, म्हणजे आरबीआयच्या तक्रारीच्या वेबसाइटवर, तक्रार करा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ज्या कामाचे तो माणूस ३५,००० मागतोय त्यातला जेवढा भाग खरंच होण्यासारखा आहे तो हाच, आणि तो फुकट होतो.

आता पैशाचं बघू, कारण खरं रक्त तिथे जातंय. तुमचा दर महिन्याला ३.५ टक्के आहे, वर्षाचे ४२. जास्त वाटतो पण बेकायदा नाही, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे त्या आशेवरही राहू नका. २,८६,००० वर महिन्याचं व्याज १०,०१० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,८०२, झाले ११,८१२. तुम्ही मिनिमम ड्यू भरता १४,३००. म्हणजे पोटाला चिमटा काढून भरलेल्या चौदा हजारातले जेमतेम अडीच हजार मुद्दलात जातात. आणि तो माणूस सांगतो तसं भरणं थांबवलं तर हेच व्याज चढत राहणार, लेट फी लागणार, वसुलीचे फोन सुरू होणार (सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर ते करू शकत नाहीत हे लक्षात ठेवा), आणि तीन महिन्यांत खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत. तीन वर्षं गप्प बसा मग मुदत संपते असंही तो म्हणालाय. बँकेला कोर्टात दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे हे बरोबर, पण बँक तोपर्यंत हातावर हात ठेवून बसेल हे कोणी सांगितलं? आणि मुदत संपल्याने सिबिलवरची नोंद जात नाही.

सिबिलचं एवढं सांगतोय कारण दोन वर्षांनी वन बीएचके घ्यायचाय असं तुम्हीच लिहिलंय. समजा बँकेने अर्ध्यात सेटलमेंट दिली, म्हणजे अर्धी रक्कम घेऊन बाकीची सोडली, १,४३,००० वाचले. पण रेकॉर्डवर 'सेटल्ड' लागतं, आणि मग होम लोन बऱ्याचदा मिळतच नाही, मिळालं तर महाग. ३० लाखांचं लोन २० वर्षांसाठी ८.५ ऐवजी ९.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २६,०३५ चा २७,९६४ होतो, वीस वर्षांत साडेचार लाखांहून जास्त फरक. नोकरी गेली असती, हप्ता अशक्य असता, तर मीच म्हटलं असतं सेटलमेंट करा आणि मोकळ्या व्हा. तुमच्यावर ती वेळ आलेली नाहीये.

तुमची १,६०,००० ची एफडी आहे, ती साताच्या आसपास व्याज देते आणि कार्ड ४२ घेतं. ती मोडा. मला माहितीये ती मुलाच्या नावाने मनात ठेवलीये, तरीही मोडा. ४०,००० अडीअडचणीला बाजूला ठेवा, १,२०,००० कार्डात भरा. राहिले १,६६,०००. तुमच्या ऑफिसची सोसायटी १२ टक्क्याने लोन देते म्हणालात, ते २४ महिन्यांसाठी घ्या, हप्ता साधारण ७,८०० बसेल, आणि त्या पैशाने कार्ड एकदम झिरो करा. सोसायटीने नाही म्हटलं तर बँकेला सांगून उरलेली रक्कम ईएमआयवर करून घ्या, दर जास्त पडेल आणि व्याजावर जीएसटी लागेल, तरी ४२ पेक्षा कितीतरी बरं. आज १४,३०० जातातच आहेत, तेवढेच बाजूला काढत राहिलात तर हप्ता जाऊन साडेसहा हजार दरमहा परत आरडीत टाकता येतील आणि दोन वर्षांत एफडीएवढी रक्कम जवळजवळ परत उभी राहील. विम्याचे पैसे परत मिळाले तर तेही त्यातच टाका.

लोनचे पैसे हातात येईपर्यंत मिनिमम ड्यू वेळेवर भरत राहा, विम्याची तक्रार चालू आहे म्हणून तो अडवू नका. झिरो झाल्यावर कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या, सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र घ्या, महिना दीड महिन्याने सिबिल काढून 'क्लोज्ड' आलंय का बघा.

आणि त्या माणसाला कोऱ्या कागदावर किंवा वकीलपत्रावर सही दिली नसेल अशी आशा आहे, दिली असेल तर मेलवर लेखी कळवून परत मागा आणि तो मेल जपून ठेवा. बँकेची किंवा लोक अदालतीची नोटीस आलीच तर घाबरून परत त्याच्याकडे जाऊ नका. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न किती हे न बघता, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. अर्जाची कॉपी आणि सगळी स्टेटमेंट्स घेऊन जा.