मेंदूच्या इमेजिंगमध्ये जायचंय, तर न्यूरॉलॉजी करू की रेडिओलॉजी? घरचे म्हणतात रेडिओलॉजिस्ट म्हणजे फोटो काढणारा.

तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहितोय. इंदूरला रामबागेत आमच्या काकांनी हेच ऐकवलं होतं, "एवढं शिकून नाडी कुणाची बघणार नाहीस?" तेच काका आता गुडघ्याचे एक्स-रे मला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि खाली लिहितात, "एखाद्या डॉक्टरला दाखवून सांग." काकांचं सोडा, मी होतो त्या खासगी हॉस्पिटलातले सीनिअर फिजिशियनही म्हणायचे, तुम्ही रिपोर्ट द्या, निदान आम्ही बघू.

तिथेच एका रात्री देवासकडची पंचविशीतली बाई आली. चिठ्ठीवर एवढंच: डोकेदुखी, आकडी, सीटी ब्रेन. सीटीत थोडा रक्तस्राव होता, पण तो कुठल्याच धमनीच्या हद्दीत बसेना, आणि सॅजिटल सायनस, म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणारी मधली मोठी शीर, जरा जास्तच पांढरा. उठून बाहेर गेलो, सासूबाईंना विचारलं. बाळंत होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. डोकं दुखतंय ते वारं लागलं म्हणून, असं घरात धरून चालले होते. एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा एमआरआय केला, सायनस गुठळीने बंद. आता मेंदूत रक्त दिसत असताना हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, द्यायचं म्हटल्यावर फिजिशियन अडले. गाइडलाइन समोर ठेवली, न्यूरॉलॉजिस्टना घरून बोलावलं, तेव्हा कुठे हेपरिन लागलं. बाई स्वतःच्या पायांनी घरी गेली. निदान कोणी केलं, ते फाइलमध्ये शोधू नका.

बरं, रस्ता. एमडी रेडिओडायग्नोसिस (म्हणजे रेडिओलॉजीच) 3 वर्षं, वर डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी, न्यूरोरेडिओलॉजीत 3 वर्षं. बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा अशा मोजक्या जागा आहेत. मेडिसिन करून या डीएमला जाता येत नाही, तेव्हा ठरवायचं ते एमडीची जागा घेतानाच. अंधाऱ्या खोलीत बसून 'क्लिनिकली कोरिलेट' (लक्षणांशी तुम्हीच ताडून बघा) एवढंच लिहीत राहायचं असेल तर कृपया येऊ नका, तसे आधीच पुष्कळ आहेत.

अर्थात मिरगीचा, पार्किन्सनचा पेशंट वर्षानुवर्षं सांभाळायची हौस असेल तर मेडिसिन घेऊन न्यूरॉलॉजीच करा, इथे ते सुख नाही. आणि न्यूरोरेडिओलॉजीतल्याच, रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढायच्या कामाकडे ओढा असेल तर पक्षाघाताचे कॉल रात्री-अपरात्रीच येतात, शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं. आधी महिनाभर एखाद्या कॅथलॅबमध्ये, जिथे हे काम चालतं तिथे, उभे राहून बघा.