मूल 100 पर्यंत अंक म्हणते, पण वस्तू मोजताना चुकते. त्याला मोजणी आणि वाचन कसे शिकवावे?

साडेचार वर्षांचे मूल 1 ते 100 घडाघडा म्हणते आणि तरीही समोरची सात बटणे मोजताना गडबडते, यात काळजीचे कारण नाही. अंकांचा क्रम पाठ असणे आणि संख्या समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजताना प्रत्येक बटण बोटाने बाजूला सरकवायला सांगावे, म्हणजे एका वस्तूला एकच अंक हे नाते पक्के होते. त्यानंतर लगेच "एकूण किती?" असे विचारावे. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटी उच्चारलेला अंक हीच एकूण संख्या असते हे त्याला अजून उमगलेले नाही असे समजावे आणि काही दिवस 5 पर्यंतच्याच वस्तूंवर सराव ठेवावा. अंक गिरवून घेण्याची घाई तर मुळीच करू नये.

वाचनात आधी कान तयार व्हावा लागतो. "मगर, मन, मऊ यांत सुरुवातीला कोणता आवाज आला?" असे तोंडी खेळ रोज थोडा वेळ घ्यावेत. संपूर्ण मुळाक्षरे क्रमाने घोकण्यापेक्षा क, म, ल, र, त अशी मोजकी अक्षरे शिकवून त्यांतूनच 'कर', 'कमल' असे शब्द वाचायला द्यावेत, हे मला अधिक योग्य वाटते, कारण अक्षरे जोडून अर्थ निघतो हा आनंद मुलाला लवकर मिळतो. काना शिकवताना 'तर' आणि 'तार' शेजारी शेजारी लिहून मोठ्याने वाचावेत.