मोजलेला आकडा की काढलेला?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक व्हायचं म्हणतेस, वाचून बरं वाटलं. जगभरच्या प्लुटोनियमवर नजर ठेवतात म्हणजे नक्की काय करतात, असं विचारलंयस. बरंचसं काम वाण्याच्या वहीचं: आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. वही आणि प्रत्यक्ष मोजणी यांत जो फरक निघतो, त्यावरच निरीक्षकाचं पोट!

प्लुटोनियम म्हणजे अणुबॉम्बचा माल; एक बॉम्ब बनू शकेल म्हणून संस्थेच्या लेखी 8 किलो ही धोक्याची मात्रा. त्यामुळे नवखा माणूस नुसते किलो बघतो. तू तसं करू नकोस.

उत्तर कोरियाचंच घे. योंगब्योनच्या त्यांच्या अणुकेंद्रात 1990 मध्ये एकदाच, तेही जेमतेम 90 ग्रॅम प्लुटोनियम वेगळं काढलं, असं त्यांनी 1992 मध्ये सांगितलं. निरीक्षकांनी तिथल्या उपकरणांवरून कापड फिरवून नमुने घेतले. प्लुटोनियमचा एक प्रकार, प्लुटोनियम-241, याचं अर्धायुष्य (निम्मं विघटन व्हायला लागणारा काळ) साधारण 14 वर्षं; विघटन होऊन त्याचं अमेरिशियम हे दुसरं मूलद्रव्य होतं. प्लुटोनियम शुद्ध केलं की जुनं अमेरिशियम बाजूला पडतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे दोहोंचं प्रमाण मोजलं की शुद्धीकरणाचं साल सापडतं. इथे एक नाही, तीन सालं सापडली: 1989, 1990 आणि 1991. मग कचऱ्याच्या दोन जागा दाखवा म्हटल्यावर नकार आला, आणि मार्च 1993 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा. सगळं प्रकरण सुरू झालं ते ग्रॅमांवरून.

उलट जपानमधल्या तोकाईच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढतात तिथे, 2003 मध्ये 206 किलोंचा फरक जाहीर झाला, पंचवीसेक वर्षांत साठलेला. आठ-आठ किलोंनी भाग, छातीत धस्स होतं. पण माल कुणी पळवला नव्हता. इंधनात प्लुटोनियम किती, हे आधी गणिताने ठरवलेलं होतं आणि ते जास्त धरलं गेलं होतं. काही कचऱ्यात गेलं, काहीचं तर वर सांगितलेलं अमेरिशियमच झालं!

म्हणून कुठल्याही प्रकल्पात गेलीस की आधी विचार, हा आकडा मोजलेला की गणिताने काढलेला? टाकीतला नमुना ढवळून घेतला होता का? वजनाचा काटा शेवटचा कधी तपासला? असे प्रश्न विचारणारा माणूस यजमानांना आवडत नाही. चहा गार मिळेल, तो पिऊन टाक.

एक गणित देतो. 100 ग्रॅम शुद्ध प्लुटोनियम-241 पाच वर्षं डब्यात पडून राहिलं, तर अमेरिशियम किती निघेल? उत्तर पुढच्या पत्रात पाठव, रीतीसकट.

तुझा,
काका