ताशा आपला की त्यांचा?

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरचा, गणपतीत मंडळाच्या पथकात ताशा वाजवतो. परवा मोबाईलवर त्रिनिदादचा व्हिडिओ बघितला, लग्नाची वरात अन् गळ्यात ताशा अडकवून वाजवणारी निम्मी पोरं आफ्रिकन वंशाची, नाव पण 'टासा'च. मित्र म्हणतोय आपली कला चोरली. खरंय का? आणि तिकडचं काही आपल्याकडं आलंय का?

उत्तर : चोरली बिरली काही नाही रे, मित्राला सांग. 1845 साली फातेल रझाक नावाच्या जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, कॅरिबियन बेटांमधल्या त्रिनिदादला उतरले, ऊस तोडायला, आणि पुढं आलेली बहुतेक माणसं उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांच्याबरोबर मोहरम गेला, तिथं त्याला होसे म्हणतात, आणि ताबूतापुढं वाजणारा ताशाही गेला. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं, वाजवायच्या आधी जाळ करून शेकायचं, अगदी आपले हलगीवाले कोपऱ्यात कागद पेटवून हलगी तापवतात तसं. पुढं वाजवणाऱ्याला कटर म्हणतात, सोबत साथीचा ताशा तो फुलर, मोठा ढोल तो बास, आणि झांजेला झांजच म्हणतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता आफ्रिकन पोरांचं. त्यांचे पूर्वज त्याच मळ्यांत गुलाम होते. 1880च्या दशकात इंग्रजांनी त्यांच्या कार्निवलमधल्या ढोलांवर बंदी घातली, आणि 30 ऑक्टोबर 1884ला सान फर्नांडोत होसेच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. म्हणजे दोघांच्याही वाजवण्यावर एकच सरकार उठलं होतं. ढोल गेले तर आफ्रिकन लोकांनी बांबू आपटून ताल धरला आणि पुढं तेलाच्या पिंपापासून स्टीलपॅन केला. गावात शेजारी ताशा वाजतोय म्हटल्यावर हात शिवशिवणारच की, तुझ्यासारख्या वाजवणाऱ्याला हे सांगायला नको. त्यामुळं ताशा आता त्यांचाही आहे, असं मी ठामपणे म्हणते.

उलटंही झालं. 1970च्या सुमारास लॉर्ड शॉर्टी नावाच्या आफ्रिकन वंशाच्या गायकानं कॅलिप्सोत, म्हणजे तिथल्या जुन्या गाण्याच्या प्रकारात, ढोलक आणि धंताल घातले, त्यातून सोका हा नवा गाण्याचा प्रकार आला. धंताल म्हणजे लोखंडी सळई आणि तिच्यावर ठोकायला नालासारखा वाकडा तुकडा. कॅलिप्सोवाले चिडले, भारतीय संगीत घुसवून बिघडवतोय म्हणून. म्हणजे तुझ्या मित्रासारखी माणसं तिकडं पण होती.

आणि आफ्रिकेचं आपल्याकडं काय आलं? लांब कशाला, सोलापूरचा किल्ला मलिक अंबरनं 1624च्या भातवडीच्या लढाईनंतर घेतला होता, तो इथिओपियात जन्मलेला. पण वाद्य ऐकायचं असेल तर गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यात जा. सिद्दी लोक, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, तिथं मलुंगा वाजवतात, धनुष्यासारखी काठी, एकच तार, खाली भोपळा, आणि बारीक काडीनं तार ठोकायची. ब्राझीलमध्ये आफ्रिकन वंशाचे लोक बेरिंबाव वाजवतात तेही असंच, घडण जवळजवळ तीच. दोघांमध्ये दोन समुद्र आहेत रे. सिद्दींच्या धमाल नावाच्या नाचगाण्यात मुगरमान नावाचा मोठा ढोल पण असतो, त्याचा आवाज छातीत बसतो.

जाशील तेव्हा ताशा बरोबर घेऊन जा.