अल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचा रॉक, निर्वाणा या अमेरिकन बँडपासूनच सुरू झाला का? मुंबईत तो कसा आला?

नाही, निर्वाणाने तो सुरू केला नाही, घराघरांत पोचवला. त्यांचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला सप्टेंबर १९९१ मध्ये. त्याआधीचं अख्खं दशक आर.ई.एम., सॉनिक यूथ ही मंडळी अमेरिकेत कॉलेज रेडिओ आणि छोट्या लेबलांच्या (रेकॉर्ड कंपन्यांच्या) जोरावर हेच संगीत करत होती. कडवं दबक्या आवाजात, बेस आणि ड्रम तेवढे पुढे, आणि ध्रुवपदाला गिटार एकदम अंगावर येते, ही पिक्सीज या अमेरिकन बँडची पद्धत आपण उचलली, हे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने स्वतःच सांगितलं होतं. पिक्सीजचा 'सर्फर रोझा' (१९८८) ऐका, लगेच कळेल. फार ताकदीचा अल्बम आहे.

मुंबईत १९९१ मध्येच केबलवर एमटीव्ही आलं. बाकीचं काम काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातल्या कॅसेटींनी केलं. मात्र इथला रॉक त्याहून जुना. रॉक मशीन हा बँड १९८४ पासूनचा, धोबी तलावच्या रंगभवनातला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ पासूनचा. तिथे जोर हार्ड रॉकचा असायचा. अल्टरनेटिव्हचा रंग पुढे पेंटाग्रामसारख्या बँडमध्ये दिसतो.

वरचा क्रम अमेरिकेपुरताच धरा. इंग्लंडची वाट वेगळी, तिथे आधी द स्मिथ्स हा बँड ऐकावा लागेल.