दक्षिण बरगंडीत गाड्यांविना रोड बाईक: आधी त्या हिरव्या रेघेबद्दल

तुमचा बेत असा दिसतो: सप्टेंबरचा दुसरा आठवडा, दोघं जण, सहा दिवस, फ्रान्समधला शालों-सुर-सोन ते माकों हा पट्टा, भाड्याच्या रोड बाईक (बारीक टायरच्या वेगवान सायकली), २५ मिमी टायर आणि ‘वाटेत गाड्या नकोत’ ही एकच अट. पर्यटन कार्यालयाने पाठवलेल्या नकाशावर हिरवी रेघ सलग दिसते, म्हणून सगळे मुक्काम तिच्यावरच बुक करायचे का, असं विचारलंय. आज लगेच बुक करू नका. अशाच एका हिरव्या रेघेपायी माझं बरंच नुकसान झालंय, म्हणून उत्तर लांबतंय. हेल्मेट, पंक्चर किट, विमा हे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देतो.

फ्रान्समध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि पत्रकांवर दोन्ही बरेचदा एकाच हिरव्या रंगात छापलेले असतात. ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे मोटार वाहनांना बंदी असलेला मार्ग, बहुधा जुन्या रेल्वेच्या वाटेवर किंवा कालव्याच्या काठाने. सुरुवातीला निळी चौकोनी पाटी असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात पादचारी आणि सायकलस्वार. मार्ग संपतो तिथे तीच पाटी, वर तिरकी लाल रेघ. ‘व्हेलोरूत’ म्हणजे फक्त पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात व्हुआ व्हेर्त असेल, गावातला छोटा रस्ता असेल, आणि जिथे काहीच तयार नाही तिथे सरळ ट्रकचा रस्ताही असेल. अशा तुकड्यासाठी नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘प्रोव्हिझुआर’, म्हणजे तात्पुरता, असं लिहिलेलं असतं आणि रेघ तुटक असते. छपाई बारीक असली की तुटक रेघ सलगच वाटते.

माझी चूक हीच. दक्षिणेतल्या एका कार्यालयाला (नाव लिहीत नाही) ‘हा पूर्ण मार्ग सायकलने करता येतो का’ एवढंच विचारलं. उत्तर आलं, हो, पूर्ण. उत्तर खोटं नव्हतं. ट्रकच्या रस्त्यानेही सायकलने जाता येतंच. दोन तुकडे भर वाहतुकीच्या रस्त्यावर निघाले आणि तिसऱ्यावर डांबरच नव्हतं. टायरची बाजू फाटली, दोन दिवस गेले, पुढच्या मुक्कामाचे पैसे बुडाले. नंतर कळवलं तर म्हणे पत्रक आमचं, रस्ता दुसऱ्या खात्याचा. ज्या कार्यालयाचं कामच वाटसरूला वाट सांगणं आहे, त्याने रस्त्याचा पृष्ठभाग कसला हे सांगू नये, याचा राग अजून जात नाही. दरवर्षी नवं गुळगुळीत पत्रक छापतात, तेवढ्या खर्चात एक माणूस सायकलवर बसवून पाठवला असता तरी भागलं असतं.

म्हणून प्रश्न नेमका विचारा, लेखी आणि फ्रेंचमध्ये. किती किलोमीटर ‘आं सीत प्रॉप्र’ आहेत, म्हणजे वाहनांपासून पूर्ण वेगळे? किती ‘व्हुआ पार्ताजे’, म्हणजे गाड्यांबरोबर? वेगळ्या भागापैकी किती ‘आंरोबे’, म्हणजे डांबर, आणि किती ‘स्ताबिलिझे’? हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. बारीक खडी आणि चुरा दाबून केलेला तो पृष्ठभाग. कोरडा आणि नवा असेल तर २८ मिमीवर निभतो. पाऊस पडला की त्याचा राखाडी चिखल होऊन ब्रेक पॅड आणि साखळीत जातो. जुना झाला की कडेची खडी सुटते आणि २५ मिमीच्या बारीक टायरच्या बाजूला चिरा पडतात. कनाल द्यु मिदी या कालव्याचा काठ हे नेहमीचं उदाहरण. तुलूजपासून साधारण ५० किमी डांबर छान आहे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की डांबर संपतं. याउलट गारोनच्या समांतर कालव्याचा काठ, बोर्दोच्या बाजूने, बहुतांश डांबरी.

तुमच्या पट्ट्यात मात्र नशीब चांगलं आहे. जिव्री ते क्लुनी ही ४४ किमीची व्हुआ व्हेर्त जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली झाली, फ्रान्समधली पहिली, आणि ती डांबरी आहे. ब्युसी, सँ-जंगू, कोरमातँ, तेझे अशी गावं लागतात. क्लुनीच्या पुढे माकोंच्या दिशेने बुआ क्लेरचा १.६ किमीचा बोगदा आहे. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद असतो, सप्टेंबरात उघडा मिळेल. आत गारठा असतो, विंडचीटर वरच ठेवा आणि गॉगल शिरण्याआधी काढा.

तरीही माझं मत असं की रोड बाईकवाल्याला ही वाट एक दिवस पुरते. चढ जवळजवळ नाही. प्रत्येक रस्ता ओलांडताना आडवे लोखंडी अडसर, तिथे वेग शून्यावर. झाडांच्या मुळांनी डांबर जागोजागी आडवं उचललेलं असतं, सावलीत ते दिसत नाही. रविवारी दुपारी लहान मुलं आणि मोकळी कुत्री. दोघांनी निवांत गप्पा मारत जायचं तर उत्तम, पण सहा दिवस त्याच रेघेवर काढू नका.

बरगंडीत खरी शांतता छोट्या रस्त्यांवर मिळते. मिशेलिनचा १:१,५०,००० चा नकाशा घ्या, म्हणजे १ सेंमीला दीड किलोमीटर. लाल रस्ता टाळायचा, पिवळा वेळ बघून, पांढरा डोळे झाकून. नकाशात रस्त्यावर छापलेले बाण चढ दाखवतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन त्याहून जास्त. जागेवर ओळखायची खूण म्हणजे पाट्यांवरची छोटी पट्टी: लाल राष्ट्रीय, पिवळी ‘डी’ म्हणजे जिल्ह्याची, पांढरी ‘सी’ म्हणजे गावाची. पांढऱ्या पट्टीच्या रस्त्यावर डांबराच्या मधोमध गवताची हिरवी पट्टी उगवलेली दिसली की समजा, चाकं फक्त दोन्ही बाजूंनी जातात आणि तीही दिवसातून मोजकी.

‘डी’ रस्ता म्हणजे शांतच, असं मात्र धरून चालू नका. २००६ पासून हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले आणि त्यांचा फक्त नंबर बदलला. शालों-माकोंमधला डी ९०६ हा जुना राष्ट्रीय ६ आहे, ट्रक तसेच. जिव्री-क्लुनीचा डी ९८१ व्हुआ व्हेर्तला समांतर धावतो आणि नेव्हिगेशन ॲप ‘जवळचा रस्ता’ म्हणून नेमकं त्याच्यावर टाकतं. ९०० च्या घरातला आकडा दिसला की आधी नकाशावर रंग बघा. (आपल्याकडचे ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला सायकलने गाठणारे, पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकलफेरीला जातात, तिथली वाट मुख्यतः डी रस्त्यांवरूनच आहे, त्यामुळे डी म्हणजे वाईट असंही नाही.)

एक दिवस असा करून बघा: तुर्न्यूहून डी १४ ने ओझने, मार्ताई, ब्रांसियोंचा चढ, मग शापेझ आणि कोरमातँ, साधारण २५ किमी. शापेझचं जुनं चर्च रस्त्यालगतच आहे, थांबा. कोरमातँहून व्हुआ व्हेर्तने दक्षिणेला क्लुनी. डी १४ पिवळा आहे, म्हणून वेळ सांभाळा.

वेळ म्हणजे दुपारी १२ ते २. अख्खा देश जेवायला बसतो आणि रस्ते ओस पडतात. सकाळी साडेसात ते पावणेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा पिवळे रस्ते टाळा. अडचण एवढीच की त्याच दोन तासांत दुकानंही बंद असतात, म्हणून पाव आणि चीज साडेअकरापर्यंत पिशवीत हवं. सोमवारी छोट्या गावात बेकरीही बंद असू शकते. पाण्याला गावाबाहेरच्या स्मशानभूमीत नळ असतो, फाटकाच्या आसपास. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते. मळ्यांतले उंच ट्रॅक्टर आणि मजुरांच्या व्हॅन याच पांढऱ्या रस्त्यांवर येतात, वळणावर ओली मातीही. रविवारी सकाळी रानात शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर रंगीत जर्सी बरी.

‘ग्राव्हियों’, म्हणजे सुटी खडी, हा शब्द पाठ करा. उन्हाळ्यात डांबराचा थर ओतून त्यावर खडी पसरतात आणि जादाची खडी झाडून न्यायला काही दिवस लागतात. पुढचा ब्रेक वळणात दाबलात की गेलात. गाड्यांच्या चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्यांतून जा, वजन मागे. पार झाल्यावर हातमोजा टायरवर फिरवून अडकलेले कण काढा, नाहीतर पंक्चर दहा किलोमीटरनंतर होतं.

भाड्याच्या दुकानात तीन गोष्टी. २८ मिमी टायर मागा. ७० किलोच्या स्वाराला हवेचा दाब मागे सुमारे ५ बार आणि पुढे साडेचार, हा सुरुवातीचा आकडा, वजन वेगळं असेल तर बदला. दुसरं, फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला, आपल्याकडे बहुतेक उजव्या. घाईत दाबायच्या आधी मोकळ्या जागेत दहा वेळा दाबून हाताला सवय लावा. तिसरं, घंटी आणि दिवे आहेत का बघा, घंटी नेहमीच आणि दिवे अंधारात सक्तीचे आहेत.

नियमांपैकी एकच लिहितो, कारण तोच अंगावर येतो: उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. गावात काही खूण नसेल तर उजव्या गल्लीतून ट्रॅक्टर न बघता बाहेर येतो आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी असेल तर प्राधान्य तुमचं. त्यावर काट मारलेली असेल तर संपलं. गावाबाहेर गाडीने तुमच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायचं असतं आणि बहुतेक जण मागे थांबतात. आपल्या सवयीने गटाराच्या कडेला सरकून त्यांना हात करू नका, कडेचं डांबर तुटलेलं असतं. कानात इयरफोन नको, १३५ युरो दंड आहे. (निघण्याआधी नियम एकदा स्वतः तपासा, बदलत असतात.)

येताना माकों-व्हिल स्टेशनवर उतरा. माकों-लोशे हे वेगवान गाड्यांचं वेगळं स्टेशन गावाबाहेर आहे. प्रादेशिक गाडीत सायकल पुढच्या चाकाने हुकला टांगायची असते, बॅगा आधीच काढून ठेवा, गाडी मिनिटभरच थांबते.

मुक्कामांबद्दल: तुमच्या त्या नकाशाच्या तळाशी खुणांची जी टीप आहे, तिचा जवळून फोटो काढून इथे टाका. कोणता तुकडा डांबरी आणि कोणता गाड्यांबरोबर आहे ते बघून सांगतो, मग बुक करा.